पासवर्ड विसरलात?

ऑफिसात तिला सगळे खुसपटबाई म्हणत, आणि मागून नव्हे, तोंडावर म्हणत. आता जिचं कामच खुसपटं काढायचं, तिला दुसरं काय म्हणणार? इतरांनी वेबसाइट बांधायची आणि हिने ती कुठे मोडते ते दाखवायचं. मोडून दाखवली की बांधणाऱ्यांची तोंडं वाकडी. नाही मोडली की, "ही बाई दिवसभर करते तरी काय?" बावीस वर्षं ती हे ऐकत आली होती आणि बावीस वर्षं तिचं डोकं तेवढंच तापत होतं. तशी तक्रारीची हौस तिला जन्मापासूनची. दूध गरम आहे, बूट चावतो, उशी टोचते, खिडकी वाजते. बाबांनी त्यावरून तिला एक नावही पाडलं होतं. ते काय होतं ते आत्ता सांगत नाही. पंचेचाळिशीच्या बाईची काही अब्रू असते.

गेलं दीड वर्ष ती एका हॉस्पिटलच्या वेबसाइटवर होती. पेशंटने घरबसल्या आत शिरायचं, रिपोर्ट बघायचे, औषधांची पुढची चिठ्ठी मागवायची, डॉक्टरांची वेळ घ्यायची. त्यातलं 'आत शिरणं' हिच्या वाट्याला. नाव, पासवर्ड, बटण. ऐकायला एवढंसं, पण जीव मेटाकुटीला येतो. कारण रोज कुणी ना कुणी त्या पानात काहीतरी हलवून ठेवतो आणि रोज सगळं पहिल्यापासून तपासावं लागतं. हाताने किती वेळा तपासणार? म्हणून तिने टेस्ट लिहून ठेवल्या होत्या. टेस्ट म्हणजे एक छोटा प्रोग्रॅम. तो माणसासारखा वेबसाइटवर जातो, नाव टाकतो, पासवर्ड टाकतो, बटण दाबतो आणि काय झालं ते सांगतो. सगळं व्हायला हवं तसं झालं तर हिरवा, नाही तर लाल.

अशा दोनशे बारा टेस्ट होत्या तिच्या. बरोबर पासवर्डला दार उघडतं का? चुकीच्याला उघडत तर नाही ना? रिकामा ठेवला तर? मागेपुढे मोकळी जागा सोडली तर? बाहेर पडून पुन्हा मागचं पान उघडलं तर? पाच वेळा चुकलं की खातं तासभर कुलूपबंद होतं का, आणि घरच्यांच्या नोंदवलेल्या फोनवर मेसेज जातो का? ही शेवटची तिची सगळ्यात लाडकी. हॉस्पिटलने हट्टाने मागितलेली एक सोयही होती: म्हाताऱ्या पेशंटांना इंग्रजी अक्षरं नकोत, पासवर्ड आपल्या अक्षरांत चालला पाहिजे. तिने 'कमळफूल' असा पासवर्ड ठेवून त्याचीही टेस्ट केली होती. रोज सकाळी चहाचा कप टेबलावर ठेवायच्या आत दोनशे बाराच्या दोनशे बारा हिरव्या. त्या हिरव्या रांगेकडे बघून तिला जरा बरं वाटायचं, म्हणजे तिला जेवढं बरं वाटू शकतं तेवढं.

आणि एका मंगळवारी भर मीटिंगमध्ये बाबांचा फोन.

"तुझं दार उघडत नाही."

"कुठलं दार, बाबा?"

"हॉस्पिटलचं. तू बनवलंस ते."

"मी बनवलेलं नाही, मी तपासलंय."

"मग नीट तपासलेलं नाहीस," बाबा म्हणाले आणि फोन ठेवून दिला.

घ्या! दीड वर्षाची मेहनत, आणि घरचा अहेर हा असा. तिची तळपायाची आग मस्तकात गेली, पण मीटिंग चालू होती, म्हणून ती आग तिने समोर बसलेल्या प्रोग्रॅमरवर काढली. लॉगिनचं पान त्यानेच लिहिलेलं. त्याला ऑफिसात 'चालतंय' म्हणत, कारण काहीही बिघडलं की तो पहिलं वाक्य एकच बोलायचा: "माझ्याकडे चालतंय."

आता बाबांबद्दल सांगायला हवं. बाबा एकोणऐंशीचे. दुसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत एकटे राहत. छापखान्यात कंपोझिटर म्हणून त्यांची चाळीस वर्षं गेली. कंपोझिटर म्हणजे शिशाची अक्षरं, ज्यांना ते खिळे म्हणत, ती एकेक उचलून ओळी जुळवणारा माणूस. अक्षरं उलटी वाचायची, ओळ डावीकडून उजवीकडे नीट बसवायची, आणि प्रूफ वाचल्याशिवाय काही म्हणजे काही छापायला सोडायचं नाही. छापखाना बंद झाला तेव्हा मालकाने खिळ्यांचा एक खण त्यांना दिला होता. तो त्यांच्या खिडकीत असायचा आणि त्यावरची धूळ ते दाढीच्या ब्रशने झाडायचे. आई जाऊन सहा वर्षं झाली होती. त्या दोन खोल्या, तो खण, खालच्या पेपरवाल्याशी रोजची हुज्जत, एवढ्यात त्यांचं छान चाललं होतं.

पण दादाला ते छान वाटत नव्हतं. दादा तिच्यापेक्षा सहा वर्षांनी मोठा, आणि काळजी करण्यात साठ वर्षांनी. त्याच दिवशी संध्याकाळी त्याचा फोन आला.

"आज पुन्हा मेसेज आला. खातं कुलूपबंद. या महिन्यातली सातवी वेळ. मी लिहून ठेवतोय."

"काय लिहून ठेवतोयस?"

"बाबा काय काय विसरतात ते. नऊ गोष्टी झाल्या. सात वेळा पासवर्ड, एकदा गॅस चालू राहिला, एकदा डोळ्यांच्या डॉक्टरांची वेळ चुकली. अगं, रोजचा एक शब्द लक्षात राहत नाही त्यांच्या! मी ठरवलंय. रविवारी येतो, सामान बांधू आणि त्यांना माझ्याकडे घेऊन जातो. मागची खोली रिकामीच आहे. या खोल्यांची किल्ली महिनाअखेर परत देऊन टाकू."

"त्यांना विचारलंस?"

"विसरणाऱ्या माणसाला काय विचारायचं?"

दादा वाईट माणूस नाही. बाबांना घेऊन जाऊन तो त्यांना उन्हात ठेवणार नव्हता. पण त्याच्या घरी बाबा चार दिवस राहिले की पाचव्या दिवशी बॅग दारात आणून ठेवतात, हे तिला ठाऊक होतं. तिथे त्यांना चहासुद्धा स्वतः करू देत नाहीत.

बुधवारी ऑफिस सुटल्यावर ती तडक बाबांकडे गेली. लिफ्ट बंद, दोन जिने चढून धाप लागलेली, आणि दार उघडताच बाबांनी "ये" म्हणायच्या आधी टॅबलेट तिच्या हातात दिला. हा टॅबलेट दादाने दीड महिन्यापूर्वी आणून दिलेला. त्याआधी बाबांकडे एक जुना कॉम्प्युटर होता, त्याचा कीबोर्ड दोन हातांनी बडवून ते सगळं लिहायचे. तो एक दिवस धूर सोडून बसला.

"काय टाकता ते दाखवा मला," ती म्हणाली.

"पासवर्ड कुणाला दाखवायचा नाही. अगदी पोटच्या पोरांनाही नाही. तूच शिकवलंस."

कपाळाला हात! शिकवलं होतं खरं. वर्षापूर्वी याच खुर्चीत बसून, बोट नाचवून नाचवून. बाबांनी तिला भिंतीकडे तोंड करून उभं केलं आणि टाइप केलं. पासवर्ड चुकीचा आहे. पुन्हा केलं. चुकीचा आहे.

"तो डोळा आहे ना बाजूला, त्यावर बोट ठेवा. अक्षरं दिसतील. बघा काय चुकतंय."

"डोळा उघडून बघितलंय. मी प्रूफ वाचल्याशिवाय सोडतो का? अक्षर न् अक्षर बरोबर आहे."

"मग खाली लिहिलंय बघा, 'पासवर्ड विसरलात?' त्यावर दाबा. नवीन करून टाकू. दोन मिनिटांचं काम आहे."

"मी नाही दाबणार."

"का?"

"कारण मी विसरलेलो नाही. ज्या गोष्टी विसरलो त्या मी कबूल केल्यात. गॅस राहिला होता. राहिला म्हणून सांगितलं मीच दादाला. हे मी विसरलेलो नाही, तर विसरलो म्हणून का दाबू? आणि दाबलं की कोड कुणाच्या फोनवर जातो? दादाच्या. म्हणजे त्याच्या यादीत दहावी ओळ."

आता सांगा, अशा माणसापुढे काय करायचं? तिने समजावलं, विनवलं, हात जोडले. बाबा तिसऱ्यांदा, चौथ्यांदा, पाचव्यांदा टाइप करत राहिले. पाचव्या वेळी पडद्यावर लाल पट्टी आली: आपले खाते एक तासासाठी बंद करण्यात आले आहे. तिचीच लाडकी टेस्ट, अगदी घड्याळ लावल्यासारखी चोख. तिकडे दादाच्या फोनवर मेसेज गेला असणार.

आणि तिचा तोल सुटला. "बाबा, विसरलात तुम्ही! विसरलात! त्यात लाज कसली? सगळेच विसरतात! त्या पानाच्या दोनशे बारा टेस्ट केल्यात मी, ते चुकूच शकत नाही. चूक तुमचीच आहे, आणि तुम्ही ती मान्य करत नाही म्हणून रविवारी दादा तुम्हाला उचलून नेणार आहे. मग मला सांगू नका!"

 टॅबलेट बाबांनी शांतपणे बंद केला, खिडकीतल्या खणातून एक खिळा उचलला, चष्मा वर करून बघितला आणि परत ठेवला.

"आमच्याकडेही व्हायचं असं," थोड्या वेळाने ते म्हणाले. "दोन कारखान्यांचे खिळे यायचे. अक्षर तेच, वळण तेच, डोळ्याला काही फरक दिसायचा नाही. पण दुसऱ्या पेटीतला खिळा चुकून ओळीत गेला की ओळ बसायची नाही. नवीन माणूस ठोकत बसायचा. म्हणायचा, अक्षर तर बरोबर आहे."

"बाबा, हा छापखाना नाही," ती म्हणाली आणि चपला घालून निघाली.

बसमध्ये तिला स्वतःचाच राग येत होता, आणि राग येतोय याचाही राग येत होता. म्हाताऱ्या माणसावर एवढं ओरडायचं असतं का? पण ऐकतात का ते? एक बटण दाबायला काय जातं? असं ती स्वतःशीच भांडत होती, इतकी की उतरायचा थांबा मागे गेला. दोन थांबे उलटं चालत यावं लागलं.

गुरुवारी सकाळी दोनशे बारा हिरव्या. तिने त्या रांगेकडे बघितलं आणि पहिल्यांदाच तिला बरं वाटलं नाही. दुसऱ्या पेटीतला खिळा डोक्यातून जाईना. तिने आपली टेस्टची फाइल उघडली. टेस्टमधले पासवर्ड ती नेहमी एकाच जागी लिहून ठेवायची. खातं उघडताना पासवर्ड तिथूनच उचलायचा, आत शिरतानाही तिथूनच. नव्याने कामाला लागलेल्यांना ती हेच पढवायची: एक गोष्ट दोन ठिकाणी लिहू नका, घोटाळे होतात.

ती त्या ओळीकडे बघत बसली. अगं बाई! दोनशे बारा वेळा तिने एकच खिळा दोन्हीकडे वापरला होता. जुळणार नाही तर काय होणार? खरा माणूस पासवर्ड कुठूनही उचलत नाही. तो एकदा या कीबोर्डवर लिहितो, एकदा त्या कीबोर्डवर, आणि हे तिच्या एकाही टेस्टमध्ये कुणी केलेलं नव्हतं. बावीस वर्षं लोकांची खुसपटं काढली आणि स्वतःच्या नाकासमोरचं दिसलं नाही.

तिने बाबांना फोन लावला. बाबांचा आवाज कोरडा.

"बाबा, पासवर्ड सांगू नका."

"नाहीच सांगणार."

"फक्त एवढं सांगा, त्यात एखादं वेगळं अक्षर आहे का? टॅबलेटवर शोधावं लागलं असं?"

 

"एक अर्धा र आहे," बाबा म्हणाले. "साधा नव्हे. वाकडा, आडवा. 'दुसऱ्या' लिहिताना येतो ना, तो. छापखान्यात त्याचा वेगळा खिळा असायचा, आणि नेहमी हरवायचा. पुढचं विचारू नकोस."

तिने ऑफिसातल्या कीबोर्डवर 'पायऱ्या' लिहिलं आणि मग आपल्या फोनवर 'पायऱ्या' लिहिलं. दोन्ही शब्द पडद्यावर एकाखाली एक ठेवले. चष्मा लावून बघा, भिंग लावून बघा, तसूभर फरक नाही. मग तिने कॉम्प्युटरला विचारलं, हे दोन शब्द सारखे आहेत का? कॉम्प्युटर म्हणाला, नाहीत. त्या वाकड्या र साठी एका कीबोर्डवर वेगळा र असतो, त्याचा पाय मोडला की झालं. दुसरा कीबोर्ड साध्या र चा पाय मोडतो आणि मागे न दिसणारं एक जोडचिन्ह ठेवतो. माणसाला दिसतं एकच अक्षर, कॉम्प्युटरला दिसतात दोन. बाबांनी पासवर्ड ठेवला होता जुन्या कॉम्प्युटरवर आणि टाइप करत होते टॅबलेटवर. शब्द तोच, दीड महिना रोज बरोबर.

तिने दोनशे तेरावी टेस्ट लिहिली. खातं उघडताना एक 'पायऱ्या', आत शिरताना दुसरा. लाल.

ती चालतंयच्या टेबलापाशी जाऊन उभी राहिली.

"माझ्याकडे चालतंय, ताई," तो मान वर न करता म्हणाला.

"तुझ्याकडे चालणारच! तू एकाच कीबोर्डवर जन्म काढलायस. हे बघ."

त्याने बघितलं. डोकं खाजवलं. "बाप रे, भारीच आहे हे. पण असा पासवर्ड किती लोक ठेवत असतील? आणि उद्या संध्याकाळी नवीन आवृत्ती जातेय. आत्ता ही टेस्ट बंद करून ठेवू, म्हणजे सगळं हिरवं दिसेल. सोमवारी निवांत बघू."

"सोमवारी?"

"सोमवारी. नाही तर लोकांना म्हणावं, 'विसरलात?' वर दाबा. ते बटण आहेच की."

झालं! बटणाचं नाव काढताच तिचं डोकं सणकलं. आवाज एवढा चढला की पलीकडच्या रांगेतली माणसं उठून बघायला लागली. "ते बटण आहे म्हणूनच तर आपल्याला कधी कळलं नाही! दार आपलं बिघडलंय, आणि आपण माणसाला विचारतो, विसरलात का? तो बिचारा म्हणतो, विसरलो असेन बुवा, आणि दाबतो. गेल्या महिन्यात एकशे चाळीस खाती कुलूपबंद झाली. त्यातली किती माणसं खरंच विसरली होती? सांग मला! नाही सांगता येणार. मलाही नाही येणार. आणि माझे वडील दाबत नाहीत, म्हणून रविवारी त्यांचं घर बंद होणार आहे. कारण माझ्या टेस्ट म्हणतात पान बरोबर आहे, आणि ते वेडे झालेत."

चालतंयचा चेहरा पडला.

"वडिलांचं आहे हे आधी सांगायचं ना, ताई."

"का? वडिलांचं असलं तर चूक आणि नसलं तर चालतंय?"

पण तो माणूस चांगला. खुर्ची ओढून कामाला बसला. पुढचे पासवर्ड सोपे होते, कुठल्याही कीबोर्डचं अक्षर आलं तरी आधी एकाच वळणाचं करून घ्यायचं. गोची जुन्यांची होती. वेबसाइट पासवर्ड जपून ठेवत नाही, त्याचा चुरा करून ठेवते, आणि चुऱ्यावरून मूळ अक्षर कुठल्या वळणाचं होतं ते परत काढता येत नाही. म्हणून जुन्या खात्यांसाठी दोन्ही वळणं लावून बघायची, एक तरी बसलं की दार उघडायचं. शुक्रवारी दुपारी दोनशे तेरावी हिरवी झाली, पण त्या नादात आधीच्या तीन लाल झाल्या. साडेचारला त्याही हिरव्या झाल्या. सहाला नवीन आवृत्ती गेली. "बटणावरचा मजकूरही बदल," ती म्हणाली. तो म्हणाला, "त्याला हॉस्पिटलची परवानगी लागते, ताई, आता जीव घेता का?" ते मात्र राहिलं ते राहिलंच.

शनिवारी तिने बाबांना फोन केला नाही. करावासा वाटला, तीनदा हातात घेतला. पण 'बाबा, माझंच चुकलं' हे वाक्य तिला फोनवर बोलवेना, आणि त्यांनी आपल्या मागे एकट्याने करून बघावं असंही तिला वाटेना. खरं सांगायचं तर तिला धाकधूकही होती. समजा उघडलं नाही तर? समजा र चं काही नसेलच, आणि ते खरोखरच विसरले असतील तर?

रविवारी दादा दहालाच हजर. सोबत सहा रिकामी खोकी आणि चिकटपट्टीचं बंडल. बाबा इस्त्रीचा सदरा घालून खुर्चीत बसलेले, मांडीवर खिळ्यांचा खण. तो दुसऱ्या कुणी भरू नये म्हणून धरून ठेवलेला.

"दादा, दोन मिनिटं थांब," ती म्हणाली. "बाबा, टॅबलेट घ्या. एकदा टाका."

"नको," बाबा म्हणाले. "अजून एक मेसेज जाईल याला."

"टाका, बाबा. तुमचं बरोबर होतं. खिळा दुसऱ्या पेटीतला होता. चूक माझी होती, मी... ओरडायला नको होतं."

बाबांनी तिच्याकडे बघितलं. मग खण बाजूला ठेवला आणि टॅबलेट घेतला.

"भिंतीकडे तोंड करा. दोघंही."

दोघं पन्नाशीच्या आसपासची माणसं, शाळेतल्यासारखी भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. मागे बोटांचे हळू ठोके. टक, टक. मग थोडं थांबणं, म्हणजे तो वाकडा र आला असणार. मग पुन्हा टक. आणि मग काहीच नाही. बाबा थांबले का? तर त्यांनी पडद्यावरच्या डोळ्यावर बोट ठेवलं होतं आणि चष्मा वर करून प्रूफ वाचत होते.

दादाला कुठला धीर! त्याने मान वळवलीच.

"कुरकुऱ्या?" तो मोठ्याने म्हणाला. "बाबा, हा काय पासवर्ड आहे?"

घ्या, अब्रू गेली. हेच ते नाव. दूध गरम आहे म्हणून रडणाऱ्या, बूट चावतो म्हणून भर रस्त्यात बसकण मारणाऱ्या मुलीला उचलून घेत बाबा म्हणायचे, "चला, माझा कुरकुऱ्या." आई गेल्यापासून तिने ते कुणाच्या तोंडून ऐकलं नव्हतं. तिला वाटलं होतं, बाबा विसरले.

तिला मागे वळताच येईना. दीड महिना हा माणूस रोज तिचं नाव लिहून दारात उभा राहत होता, आणि तिच्या वेबसाइटने त्याला रोज सांगितलं की हे चुकीचं आहे. शेवटी तिनेही सांगितलं. ओरडून सांगितलं. भिंतीकडे तोंड करूनच ती रडली, आणि नाकही पुसलं नाही.

बाबांनी बटण दाबलं. "उघडलं," ते म्हणाले, काही विशेष न झाल्यासारखं. "रक्ताचा रिपोर्ट आलाय. साखर बरी आहे."

दादाने खिशातून आपली यादी काढली. बुधवारची धरून दहा ओळी. त्याने पेनाने आठ ओळींवर काट मारली. "गॅसचं काय?" तो म्हणाला, पण आवाजात दम नव्हता.

"गॅस राहिला होता," बाबा म्हणाले. "ते मी विसरलो होतो. आता रोज दोनदा बघतो. आणि डोळ्यांच्या डॉक्टरांची वेळ विसरलो नव्हतो. मला जायचं नव्हतं."

दादा एका खोक्यावर बसला. ते रिकामं होतं, मधोमध दबलं. मग त्याने उठून उरलेली पाच एकेक करून सपाट केली आणि दाराला टेकवून ठेवली.

ती डोळे पुसून बाबांच्या खुर्चीपाशी आली. काहीतरी म्हणावं असं तिला फार वाटत होतं, पण बाबा टॅबलेटवर बोट फिरवत वैतागलेले होते.

"आता हा गेला कामातून," ते दादाकडे बघत म्हणाले. "चारचौघांत ओरडून सांगितलास. सहा वर्षं टिकवला होता मी, आधीचा कॉम्प्युटर उघडायलाही हाच होता. आता नवीन शोधावा लागणार. बदलायचा कुठून असतो गं? आणि ते 'विसरलात' वर दाबायचं असेल तर मी दाबणार नाही, आधीच सांगतो."

"नाही दाबायचं, बाबा. आत वेगळं बटण आहे. हे बघा."

"बघितलं. आता व्हा भिंतीकडे," बाबा म्हणाले. "दादा, तू डोळेही मीट."